सगळ्यांची पत्रं माझ्या दारातून

कमलाक्कांचं नाव पहिल्या ओळीत यायला पाहिजे होतं, ते आलं. आता पुढचं सांगायला मी मोकळा. संपादकांनी "तुमच्या धंद्यातलं काहीतरी लिहा" म्हटलं तेव्हा मी दोन आठवडे टाळाटाळ केली. नववीत शाळा सुटलेल्या माणसानं दिवाळी अंकात लिहायचं म्हणजे धाडसच. पण अक्कांबद्दल कुठंतरी छापून यावं असं बरीच वर्षं मनात होतं, म्हणून बसलो.

कमलाक्का धारवाडच्या. मराठी शाळेत जन्मभर शिकवलं, शेवटी मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झाल्या. घरी बसून राहणं त्यांना जमेना, म्हणून त्यांनी नवीन काम धरलं. ह्या भागात जुनी वाटणीपत्रं, खरेदीखतं, बक्षीसपत्रं पुष्कळ घरांत मराठीत आहेत. कज्जा कोर्टात गेला की वकिलांना ती कन्नडात किंवा इंग्रजीत लागतात. ती अक्का उतरवून द्यायच्या. सकाळी धारवाडच्या घरी काम, दुपारी हुबळी-धारवाडच्या मधल्या नवनगरात मुलीकडं, मधूनच हुबळीला एखाद्या वकिलाकडं. लॅपटॉप पिशवीत घालून त्या बसनं हिंडायच्या. वय तेव्हाच सत्तरीच्या आसपास.

मी हुबळीत कॉम्प्युटर दुरुस्त करतो. मूळचा परभणीकडचा. शाळा मी सोडली की शाळेनं मला सोडलं, हे आता नीट सांगता येत नाही. इंग्रजीच्या तासाची भीती वाटायची एवढं आठवतं. टेलिफोनच्या केबलसाठी चर खणणाऱ्या टोळीबरोबर मी इकडं आलो. हुबळीच्या लॅमिंग्टन रोडच्या आतल्या एका गल्लीत चर खणताना समोर बसण्णांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. काचेच्या आत माणसं बसून काम करतात आणि कुणाला घाम येत नाही, हे मी चार दिवस बघितलं. टोळी पुढं बेळगावकडं सरकली, मी मागं राहिलो. मला तारा जोडता येतात हे बघून बसण्णांनी ठेवून घेतलं. कन्नड येत नव्हतं, आणि माझं मराठी इथल्या मराठी माणसांना चमत्कारिक वाटायचं. "दत्ता, तू बोलायलास का भांडायलास रे?" असं विचारायचे. मी नुसता हसायचो. घरापासून एवढ्या लांब माणूस पहिली दोन वर्षं हसण्यावरच काढतो.

ज्या काळाचं सांगतोय तेव्हा मेल फोनवर येत नव्हती. ती लॅपटॉपवरच्या मेलच्या प्रोग्रॅममध्ये यायची आणि तिथनंच जायची. म्हणजे जायला पाहिजे होती. दुकानात दिवसातून दहा वेळा एक वाक्य ऐकू यायचं, "मेल होगवल्दु." मेल जाईना.

हे का होतं ते नवख्या माणसासाठी सांगतो. मेल येणं आणि मेल जाणं ही दोन वेगळी कामं आहेत. येणारी मेल कुठूनही उतरवता येते, कारण तिथं तुमचं नाव आणि पासवर्ड विचारतात. जाणाऱ्या मेलचं तसं नव्हतं. तुम्हाला इंटरनेट देणाऱ्या कंपनीचाच एक सर्व्हर तुमची मेल बाहेर पाठवायचा, आणि तो कोण-कुठला काही विचारायचा नाही. माणूस आपल्याच तारेवर बसलाय ना, एवढंच बघायचा. मी गिऱ्हाइकांना कारखान्यातल्या जेवणघराचं उदाहरण द्यायचो. गेटातनं आत आलेल्या प्रत्येकाला तिथं ताट मिळतं, कारण आत आलाय म्हणजे आपलाच. पण तुम्ही दुसऱ्या कारखान्यात बसून ह्या कारखान्याचं ताट मागितलंत तर कोण देणार? लॅपटॉप ऑफिसात एका कंपनीच्या तारेवर, घरी दुसऱ्या कंपनीच्या, आणि गाडीत तिसऱ्याच कंपनीच्या डोंगलवर, म्हणजे इंटरनेटच्या कांडीवर. आलेल्या मेल तिन्ही ठिकाणी उतरायच्या. लिहिलेल्या मेल आउटबॉक्समध्ये रांग लावून बसायच्या.

त्यात फालतू जाहिराती पाठवणाऱ्यांनी उच्छाद मांडला होता. म्हणून कंपन्यांनी आपल्या तारेवरनं दुसऱ्याच्या सर्व्हरकडं जायचं नेहमीचं दार बंद करून टाकलं. त्या दाराचा नंबर पंचवीस. शेजारी पाचशे सत्त्याऐंशी नंबरचं दुसरं दार असतं. तिथं नाव आणि पासवर्ड सांगितला की तुम्ही कुठंही बसलेले असा, आत घेतात. खरं औषध तेच.

पण औषध माहीत नसलं की लोक काय काय करतात! एक प्राध्यापक होते. त्यांनी दोन लॅपटॉप घेतले, एक घरच्या मेलचा आणि एक कॉलेजच्या मेलचा. घरी लिहिलेलं कॉलेजच्या मेलनं पाठवायचं असलं तर कागदावर उतरवून न्यायचे आणि तिथं परत टाइप करायचे. मी म्हटलं, सर, निदान पेन ड्राइव्हमध्ये तरी न्या. तर म्हणाले, "परत टाइप करताना भाषा सुधारते रे."

दुसरे शिवप्पा, अमरगोळच्या मार्केट यार्डातले मिरचीचे दलाल. त्यांची ठाम समजूत होती की मेल जाणं दिशेवर असतं. यार्डातल्या गाळ्यात मेल जायची, घरी जायची नाही, म्हणून घरी आले की लॅपटॉप घेऊन गच्चीवर चढायचे आणि अमरगोळकडं तोंड करून उभे राहायचे. एकदा मला पण वर नेलं. "बघ, आता जाते," म्हणाले. गेली नाही. "वारा आहे आज," म्हणाले.

हसू येतं, पण हे सगळे वैतागलेले असायचे आणि तो वैताग दुकानात माझ्यावर निघायचा. बसण्णा रागावून बोलायचे नाहीत. नुसतं "दत्ता, बा इल्ली," म्हणून जवळ बोलवायचे आणि फोन माझ्या हातात द्यायचे. तिकडून शिव्या.

खरं काम सरळ होतं. गिऱ्हाइकाच्या इंटरनेट कंपनीच्या हेल्पलाइनला फोन करायचा, दुसरं दार आहे का आणि नाव-पासवर्ड कसा द्यायचा ते विचारायचं, तसं भरायचं. पण हेल्पलाइन म्हणजे इंग्रजी. दोनदा फोन लावला होता. पलीकडून "गुड मॉर्निंग" आलं आणि मी फोन ठेवून दिला. बसण्णांना सांगितलं, लागत नाही. शिवाय गिऱ्हाइकाचा पासवर्ड मागायचा म्हणजे मला फार अवघड वाटायचं. मोठ्या माणसाला त्याच्या तिजोरीची किल्ली मागितल्यासारखं. आणि निम्म्यांना तो आठवायचाच नाही.

तेव्हा मला युक्ती सुचली. मी शिकताना एका फुकट मेल सेवेवर स्वतःचं खातं काढलं होतं. त्यातनं मेल कुठूनही जायची, कारण तिथं ते दुसरं दार उघडं होतं. मग मी एका गिऱ्हाइकाच्या लॅपटॉपवर जाणाऱ्या मेलच्या खिडकीत त्याच्या कंपनीचा सर्व्हर काढला आणि त्या फुकट सेवेचा टाकला. खाली नाव माझं, पासवर्ड माझा. पाठवणाऱ्याचं नाव त्याचंच ठेवलं, आणि उत्तर कुठं यावं त्या रकान्यात त्याचा पत्ता लिहिला. मेल गेली. घरी गेली, ऑफिसात गेली, रेल्वे स्टेशनवर डोंगल लावून पाठवली तरी गेली. उत्तरं त्यालाच बरोबर यायला लागली. पत्ता निरखून बघितला असता तर तो माझा दिसला असता, पण नावाखालचा पत्ता निरखून बघतो कोण?

महिन्याभरात दुकानात माणसं माझं नाव विचारत यायला लागली. शिवप्पा गच्चीवरनं खाली उतरले. प्राध्यापकांनी एक लॅपटॉप विकून टाकला. मी "ए दत्ता"चा "दत्तण्णा" झालो. युक्ती काय ते मी कुणालाच सांगितलं नाही, बसण्णांनाही नाही. आपल्याकडं लपवण्यासारखी विद्या आहे, ह्याचंच सुख होतं. सतरा-अठरा लॅपटॉप असे माझ्या नावावर चालत होते. त्यात एक डॉक्टर होते, मुलीसाठी स्थळं बघणारे एक गृहस्थ होते, हुबळीतले एक नामांकित वकील होते, त्यांना मी इथं नुसतं वकीलसाहेब म्हणतो. आणि कमलाक्का होत्या.

माझ्या स्वतःच्या खात्यात मी कधी जात नव्हतो. मला मेल लिहिणार कोण? गावी बाबांना पोस्टकार्डच कळायचं.

एका दसऱ्याच्या आधी शिवप्पांना हुक्की आली. यार्डातली, बाहेरगावची, जन्मात एकदा भेटलेली, सगळी नावं त्यांनी यादीत घातली आणि शुभेच्छा आणि मिरचीचे दर असं एकत्र पत्र सगळ्यांना धाडलं. फुकट सेवेला दिवसाला किती मेल पाठवायच्या ह्याची मर्यादा असते. ती ओलांडली. सेवेनं माझ्या खात्यातनं जाणारं सगळं एका दिवसासाठी बंद करून टाकलं. आणि माझं बंद म्हणजे त्या सतरा-अठरा जणांचं बंद.

साडेअकराला पहिला फोन आला, बाराच्या आत सात. बसण्णा माझ्याकडं बघत म्हणाले, "एल्लारदू ओम्मेले? सगळ्यांचं एकाच वेळी कसं रे?" मी म्हटलं, लाइनचा प्रॉब्लेम असेल. ते म्हणाले, "चार कंपन्यांच्या लाइनी. चारी बंद?" मी वाजणारा पुढचा फोन उचलला.

आठवा फोन कमलाक्कांचा. त्या नवनगरात मुलीच्या घरी होत्या. एका वाटणीपत्राचं भाषांतर अडीचच्या आत धारवाडला कोर्टात वकीलसाहेबांच्या क्लार्ककडं पोहोचायला पाहिजे होतं. पक्षकार अळणावरकडचे, सकाळपासून कोर्टात बसलेले. "येतोस काय बाबा?" एवढंच विचारलं त्यांनी. मी बस पकडली.

बसमध्ये मला कळून चुकलं होतं की आज उघडं पडणार. उघडं पडलो तर ह्या गावात माझं काही उरणार नव्हतं. इथं माझं घर नाही, नातेवाईक नाहीत, सर्टिफिकेट नाही. लोक लॅपटॉप माझ्या हातात देतात ते दुसऱ्याकडं पोचवायला दिलेल्या डब्यासारखं, आत काय आहे ते हा बघणार नाही ह्या भरवशावर. तो भरवसा हीच माझी कमाई होती. तो गेला तर परत चर खणायला जायचं.

अक्कांनी चहा वगैरे विचारलं नाही. लॅपटॉप पुढं ठेवला. मी म्हटलं, "अक्का, पेनमध्ये घेऊन धावत जातो धारवाडला."

"जाशील की. आणि उद्या? परवा कोण धावणार?"

मी जाणाऱ्या मेलची खिडकी उघडली, काहीतरी करतोय असं दाखवायला. अक्का खुर्चीमागं उभ्या होत्या. ज्या बाईनं जन्मभर पोरांच्या वह्या तपासल्या आणि आता किरट्या हस्ताक्षरातले जुने कागद वाचते, तिच्या नजरेतनं एक ओळ सुटत नाही.

"हे कुणाचं नाव रे? तुझं नव्हे काय?"

मी घाईनं ती खिडकी मिटवायला गेलो.

"माझ्या पत्राच्या जागी तुझं नाव कशाला?"

मग मी सांगितलं. जेवणघर, दार, युक्ती, सगळं. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. शेवटी म्हणाल्या, "म्हणजे पत्रावर सही माझी, पण ते टपालात पडतंय तुझ्या घरातनं. होय की नाही?"

"होय."

"मग त्याची नक्कल?"

"कसली नक्कल अक्का?"

"अरे, मी मुख्याध्यापिका होते. कचेरीतनं कागद बाहेर गेला की जावक वहीत त्याची नोंद होते आणि एक प्रत फायलीला राहते. तुझ्या त्या कंपनीत जावक वही नाही काय?"

मी म्हटलं, नसते तसलं काही. मला खरंच तसं वाटत होतं.

"उघडून बघ."

उघडलं. पाठवलेल्या मेलचा कप्पा. मी आयुष्यात पहिल्यांदा त्यावर बोट ठेवलं. पानामागून पान. शिवप्पांचे दर. डॉक्टरांचे रिपोर्ट. त्या गृहस्थांनी मुलीच्या स्थळांना पाठवलेल्या पत्रिका आणि फोटो. वकीलसाहेबांच्या मेल. अक्कांची सगळी भाषांतरं, मुलाला लिहिलेली पत्रं. वर्षभरात सतरा-अठरा घरांतनं जे जे बाहेर गेलं, त्याची एकेक प्रत माझ्याकडं जमा.

अक्कांनी पुढं वाकून लॅपटॉपचं झाकण अर्धं खाली केलं. "वाचू नको. मी पण वाचत नाही."

"अक्का, मला माहीत नव्हतं. देवाशप्पथ."

"ते दिसायलंय मला. एक वाजलाय. आधी वाटणीपत्र." आणि त्यांनी आपल्या इंटरनेट कंपनीच्या बिलावरचा हेल्पलाइनचा नंबर फिरवला आणि फोन माझ्यापुढं धरला.

"तुम्ही बोला ना अक्का. तुमचं इंग्रजी..."

"मी का बोलू? धंदा कुणाचा?"

पलीकडं गाणं वाजत होतं. मी घामानं भिजलो. मग एक मुलगा लाइनवर आला आणि त्यानं पहिलं काय विचारलं असेल? "कन्नड, हिंदी की इंग्लिश?" मी हिंदीत बोललो. माझी हिंदी परभणीची, त्याची कुठली कोण जाणे, पण आमचं जमलं. त्यानं सांगितलं, दुसरं दार आहे, पहिल्यापासून आहे, पाचशे सत्त्याऐंशी, ग्राहकाचं स्वतःचं नाव, स्वतःचा पासवर्ड, कुठल्याही तारेवरून चालतं. चार मिनिटं लागली. जी चार मिनिटं मी वर्षभर टाळली होती.

सगळं भरलं. पासवर्डच्या रकान्याशी आलो आणि थांबलो. अक्का म्हणाल्या, "ऊठ. तू तिकडं खिडकीकडं बघ." मी उठलो आणि खिडकीकडं तोंड करून उभा राहिलो. समोरच्या घरी कुणीतरी पापड वाळत घातले होते. मागं कळा दाबल्याचा आवाज आला. मग अक्का म्हणाल्या, "गेली." पावणेदोनला क्लार्कचा फोन आला, मिळालं म्हणून.

मला वाटलं सुटलो. म्हटलं, "अक्का, आता रात्री... म्हणजे आजच, सगळ्यांच्या मशीनवर असंच करून टाकतो. आणि त्या कप्प्यातलं सगळं पुसतो. कुणाला कळायचं नाही."

"मला कळलंय की."

"तुम्ही सांगणार नाही ना?"

"मी नाही सांगणार. तू सांगशील. एकेकाच्या घरी जाऊन सांगशील, आणि त्याच्यासमोर त्याचं त्याचं पुसशील. तू गुपचूप पुसलंस आणि पुढंमागं कुणाला उमगलं, तर तू सगळं वाचलंस आणि मग पुरावा घालवलास असं धरतील. मग तुझं कोण ऐकणार?"

"आत्ता तरी कोण ऐकणार? मी कुठला कोण!"

अक्कांनी टेबलावरचा कागद-पेन माझ्यापुढं सरकवला. मग म्हणाल्या, "यादी कर. वकिलांकडं मी येते."

पहिल्यांदा बसण्णांना सांगितलं. ते फार वेळ समोरचा स्क्रू-ड्रायव्हर फिरवत बसले. "दुकान माझं आहे, दत्ता," म्हणाले. "मला आधी सांगायचं होतंस." शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

मग घरोघर. प्राध्यापक म्हणाले, ठीक आहे, पुसा. डॉक्टर माझं पूर्ण ऐकून घेऊन उठले, दुकानाशी व्यवहार बंद केला, आणि ते बरोबरच होतं. ते रिपोर्ट त्यांचे नव्हते, पेशंटांचे होते. स्थळं बघणाऱ्या गृहस्थांच्या बायकोनं माझ्यादेखत डोळ्याला पदर लावला. त्यांच्या मुलीचे फोटो माझ्याकडं होते. मी ते एकेक करून पुसले, त्या बघत उभ्या होत्या, आणि मला जमिनीत जावंसं वाटलं. शिवप्पा मात्र खो खो हसले. "माझे दर यार्डातल्या बैलांना पण माहीत आहेत! तू वाचून काय करणार होतास?" मग खुर्ची जवळ ओढून हळूच, "दत्तण्णा, वकिलांचं पण होतं काय तुझ्याकडं? माझ्या भावकीच्या केसबद्दल काय लिहितात रे ते?" मी म्हटलं, शिवप्पा, वाचलं नाही. "एवढं हातात असून वाचलं नाहीस?" त्यांना माझी कीव आली.

वकीलसाहेबांकडं अक्का आल्या. साहेबांनी बसायला सांगितलं ते फक्त अक्कांना. मी उभ्यानं सांगितलं. ऐकता ऐकता त्यांनी पेनाचं टोपण लावलं.

"पोलिसांत दिलं तर काय होईल, माहीत आहे?"

"नाही साहेब."

"वाचलंस?"

खोटं बोलणं सोपं होतं. म्हटलं, "आत उघडून नाही वाचलं. पण विषयाच्या ओळी दिसतात साहेब. पुसताना त्या दिसणारच."

"माझ्या विषयाच्या ओळीत काय होतं? एक सांग."

मला एक आठवत होती. त्यात दोन भावांची आडनावासकट नावं होती आणि शेवटी 'तडजोडीची तयारी' असं होतं. मी ती जशीच्या तशी सांगितली. वकीलसाहेबांचा चेहरा उतरला. ते समोरच्या पक्षाला कळणं म्हणजे काय, ते मला आत्ता लिहिताना जास्त कळतं.

अक्का तेव्हा बोलल्या. आवाज वर्गात असतो तसा, मोठा नाही पण मागच्या बाकापर्यंत जाणारा. "वकीलसाहेब, माझी सगळी पत्रं ह्याच्याकडं होती. मुलाला लिहिलेली सुद्धा. त्यात काय काय होतं ते मला माहीत आहे. मी माझा लॅपटॉप कालच ह्याच्या हातात दिलाय, आणि पुढंही देणार. ह्याला आत्ता तुमच्या प्रश्नाला 'काही दिसलं नाही' म्हणता आलं असतं. तसं म्हटलं नाही ह्यानं. तुमचं तुम्ही ठरवा."

त्यांनी तक्रार केली नाही. आपल्यासमोर माझ्याकडून सगळं पुसून घेतलं, पुसलेल्याचा कप्पाही रिकामा करून घेतला. पण परत दुकानात कधी आले नाहीत. लग्नाकार्यात दिसले तर अजून मी बाजूला होतो. अठरातले सहाजण गेले ते गेलेच. बाराजण राहिले, आणि मला वाटतं ते माझ्यामुळं नाही राहिले. धारवाडच्या मराठी मंडळींत आणि वकिलांत अक्कांचा शब्द लांबपर्यंत जातो.

दुकानात तेव्हापासून एक रीत आहे. गिऱ्हाइकानं पासवर्ड टाकायचा असला की आमचा माणूस उठतो आणि रस्त्याकडं तोंड करून उभा राहतो. नवीन पोरांना ते नाटक वाटतं. गिऱ्हाईकही हसतं कधी कधी, "बघ की रे, माझ्या पासवर्डात काय सोनं आहे?" म्हणतं. आम्ही वळत नाही. बसण्णा आता थकले, दुकान मीच बघतो, आणि हेल्पलाइनला फोन मीच लावतो. इंग्रजीची भीती अजून गेलेली नाही. तरी लावतो.

आता सगळं फोनवर आलं. मेल कुठल्याही तारेवरनं, तारेशिवायही जाते, आणि पंचवीस नंबरचं दार कुणी विचारत नाही. अक्कांनी भाषांतराचं काम थांबवलं. डोळ्यांनी साथ सोडली. गेल्या वर्षी धारवाडला गेलो तेव्हा त्यांनी कपाटातनं सात वह्या काढल्या. ह्या भागातल्या जुन्या मराठी कागदांत सापडलेले शब्द, त्यांचे अर्थ, आणि कुठल्या तालुक्यात त्याला काय म्हणत ते. कन्नडातनं मराठीत आलेले, मराठीतनं कन्नडात गेलेले, दोन्ही भाषांनी आता सोडून दिलेले. वीस वर्षं त्या लिहीत होत्या. त्यांचा मुलगा म्हणाला होता, स्कॅन करून टाक. त्यांना ते टाइप व्हायला हवं होतं, शोधता येईल असं.

"एकच प्रत आहे, दत्ता," म्हणाल्या. "तुझ्याकडं देते."

मी म्हटलं, अक्का, माझं शुद्धलेखन... कुणी शिकलेलं बघू या का?

"शिकलेले आले होते दोघं. वह्या घरी न्यायच्या म्हणाले. दिल्या नाहीत मी."

मी रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी एक तास टाइप करतो. एका बोटानं नाही, चार बोटांनी, पण सावकाश. अक्षर लागलं नाही की फोन करतो. त्या फोनवरच शब्द फोडून सांगतात आणि कुठल्या कागदात सापडला ती सगळी गोष्ट सांगतात, त्यात अर्धा तास जातो. चौथी वही चालू आहे. त्यांचं वय मी मोजत नाही, पण ते मनातनं जातही नाही.

अक्का, हा अंक तुम्हाला कुणीतरी वाचून दाखवेल. ही चौथी आणि उरलेल्या तीन वह्या मी पुऱ्या करीन. त्याचं पुस्तक बांधून घेईन, तुमच्या नावाचं, आणि पहिली प्रत स्वतः बसनं धारवाडला घेऊन येईन. मेलनं पाठवणार नाही. तुम्ही माझ्यासाठी जे केलंत त्याच्या बदल्यात मला करता येण्यासारखं एवढंच आहे, आणि ते मी करणार. तोवर डोळ्यांत थेंब घालायचं चुकवू नका.